मुळशीचा पाऊस, सदाहरित रान आणि पावसाळी ताप

मुलांच्या भूगोलात वर्षावनाचा धडा आला की ॲमेझॉन आणि काँगोची नावे येतात. ही जंगले विषुववृत्ताच्या आसपास आहेत. तिथे हिवाळा नाही. वर्षभर तापमान २५ ते २७ अंशांच्या आसपास. सकाळी ऊन तापते, बाष्प वर चढते आणि दुपारनंतर पाऊस कोसळतो. वर्षाला २००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, आणि अगदी कोरडा असा महिना नाहीच.

वर्षावनाची माती मात्र भुकेली असते. पडलेले पान त्या उबेत झटपट कुजते, त्यातले सत्त्व मुळे आणि बुरशी ओढून घेतात, उरलेले पाऊस धुऊन नेतो. सगळी ताकद झाडांत, जमिनीत नाही. म्हणून जंगल तोडून केलेले शेत थोड्याच पिकांत थकते.

मग मुळशीतल्या मालेवरून पुढे ताम्हिणीकडे जे रान लागते, ते वर्षावन म्हणायचे का? पावसात ते कमी नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस झाला; पुणे शहराला तेवढ्यासाठी जवळजवळ सगळा पावसाळा लागतो. अरबी समुद्रावरचे ओले वारे सह्याद्रीला अडतात, त्याचा हा परिणाम. पण हा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरचा. पुढे सात-आठ महिने कोरडे. त्यामुळे हे अस्सल वर्षावन नव्हे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचे सदाहरित आणि निमसदाहरित रान आहे. उन्हाळ्यात इथे ओल टिकते ती दाट सावलीने आणि पाचोळ्याने.

ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. भातलावणीला गावी गेलेल्यांनी दोन आजार ओळखावेत. लेप्टो उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून, पायाच्या जखमेवाटे शिरतो: ताप, लाल डोळे, पोटऱ्या दुखणे. स्क्रब टायफस झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. काखेत, जांघेत काळी खपली दिसते, ती दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही. दोन्हींवर औषध आहे, पण ते लवकर सुरू व्हावे लागते. लावणीहून परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर अंगावर काढू नका, मेडिकलमधून गोळी आणून थांबू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि चिखलात, रानात काम केले होते हे डॉक्टरांना आधी सांगा.