मोगऱ्याची लागवड आणि अभिवृद्धी

पश्चिम रेल्वेच्या पालघर आणि बोईसर या दोन स्थानकांच्या परिसरात उद्योगधंद्यांची मोठी वाढ झाली आहे. तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र कार्यान्वित झाले. पुढे बोईसरलगतच्या औद्योगिक वसाहतीत शेकडो कारखाने उभे राहिले. या पट्ट्यापासून पूर्वेकडे विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत गेले, की चित्र पालटते. डोंगरउताराच्या वरकस जमिनी, त्यांवर नाचणी, वरई आणि खाचरांत भात असे एका पावसावरचे शेत, आणि वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी या समाजांची वस्ती असे हे क्षेत्र आहे. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा हे दोन्ही प्रदेश त्यात एकत्र आले.

पूर्वेकडील तालुक्यांत पावसाळ्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही दिवाळीनंतर शेतात काम उरत नाही. मग कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि कारखान्यांकडे जातात. या भागात त्याला ‘जगायला जाणे’ असेच म्हणतात. आईबाप गेले की मुले जातात आणि शाळेचा पट मार्चपर्यंत निम्म्यावर येतो. म्हणून नेमक्या याच महिन्यांत शेतावर काम आणि हाती रोख पैसा देणारे पीक येथे हवे असते. असे एक पीक म्हणजे मोगरा होय. जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड तालुक्यांतील अनेक आदिवासी शेतकऱ्यांनी गेल्या काही वर्षांत त्याची लागवड केली असून त्यांच्या कळ्या मुंबई व नाशिकच्या बाजारात जात आहेत.

पिकाची ओळख

मोगरा हे ओलिएसी कुलातील सदाहरित झुडूप आहे. उष्ण व दमट हवा त्यास मानवते. भरपूर ऊन मिळाल्याखेरीज ते फुलत नाही. झाडाच्या सावलीत लावलेला मोगरा पानांनी भरतो, पण कळी धरीत नाही. कोकणच्या हवामानात फुलांचा मुख्य बहर फेब्रुवारीपासून जूनपर्यंत चालतो. लग्नसराई याच काळात येत असल्याने मागणीही याच काळात वाढते.

मोगऱ्याचा आदर केवळ आपल्याकडेच होतो असे नाही. फिलिपाइन्सने १९३४ मध्ये या फुलास राष्ट्रीय फूल म्हणून मान्यता दिली. चीनमध्ये चहास सुगंध देण्यासाठी त्याच्या कळ्या वापरतात, तर तामिळनाडूतील मदुराईच्या मोगऱ्यास २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एकेरी, दुहेरी आणि गच्च पाकळ्यांचा बटमोगरा असे त्याचे प्रकार आढळतात. गजऱ्यासाठी व बाजारासाठी दुहेरी, टपोऱ्या कळीचा मोगरा अधिक चालतो.

रोपे घरीच का करावीत ?

दुहेरी मोगऱ्यास बी धरत नाही. म्हणून त्याची वाढ फांद्यांपासूनच, म्हणजे शाकीय पद्धतीने करावी लागते. यात शेतकऱ्याचा तोटा नसून फायदाच आहे, कारण चांगल्या झाडापासून केलेले प्रत्येक रोप मूळ झाडासारखेच निपजते. दूरच्या रोपवाटिकेतून आणलेली रोपे महाग पडतात. शिवाय ती कोणत्या झाडाची आहेत हे समजत नाही आणि मुळांतून सूत्रकृमींसारखे रोग शेतात येण्याचा धोका राहतो.

दहा गुंठ्यांत दीड मीटर अंतराने लावल्यास सुमारे ४५० रोपे बसतात. एका निरोगी, तीन-चार वर्षांच्या झाडापासून २० छाटे घेतले आणि त्यांतील निम्मेच रुजले असे धरले, तरी ४५ मातृवृक्ष एवढ्या रोपांना पुरतात. म्हणजे गावात एका शेतकऱ्याचा मोगरा उभा राहिला, की पुढच्याच पावसाळ्यात त्याच्या शेजाऱ्यास रोपांसाठी पैसे खर्च करण्याचे कारण उरत नाही.

छाट कलम

बहर ओसरतो आणि पाऊस सुरू होतो, तो जून-जुलैचा काळ छाटे लावण्यास योग्य असतो. भरपूर व टपोऱ्या कळ्या देणारी झाडे उन्हाळ्यातच खूण करून ठेवावीत. त्यांच्या अर्धपक्व, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांचे २० ते २५ सेंटिमीटर लांबीचे छाटे करावेत. प्रत्येक छाट्यास तीन-चार डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली आणि तिरपा घ्यावा. खालची पाने काढून टाकावीत व शेंड्याकडील दोन-तीन पाने ठेवावीत. उपलब्ध असल्यास खालचे टोक मुळे फुटण्याच्या संजीवकाच्या भुकटीत बुडवून घ्यावे.

रेती, माती आणि चांगले कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने भरलेल्या पिशव्यांत किंवा गादीवाफ्यावर छाटे लावावेत. दोन डोळे मातीत व उरलेले वर राहतील, असे पाहावे. वर पेंढ्याचे किंवा जाळीचे आच्छादन करावे, म्हणजे पावसाचा मारा बसणार नाही. पिशवीस तळाशी छिद्रे असणे अत्यावश्यक आहे. येथील पावसात रोपे पाण्याअभावी मरत नाहीत, साचलेल्या पाण्याने कुजतात. पाच-सहा आठवड्यांत मुळे फुटतात आणि तीन-चार महिन्यांत रोप लावणीयोग्य होते.

दाब कलम

ज्यास थोडीच पण खात्रीची रोपे हवी आहेत, त्याने दाब कलम करावे. जमिनीलगतची, मागील वर्षाची पक्व फांदी वाकवून तिच्या खालच्या बाजूस डोळ्याजवळ जिभेसारखा तिरपा छेद द्यावा. छेद उघडा राहण्यासाठी त्यात लहान काडी घालावी. हा भाग १० ते १५ सेंटिमीटर खोल मातीत दाबून वर दगड ठेवावा व शेंडा बाहेर मोकळा राहू द्यावा. फांदी मूळ झाडावरच पोसली जात असल्याने ती सहसा वाळत नाही. तीन ते चार महिन्यांत मुळे फुटली, की ती मूळ झाडापासून तोडून वेगळी लावावी.

लावणी, खत व पाणी

पाण्याचा निचरा होणारी मध्यम वा हलकी जमीन मोगऱ्यास चालते. जव्हार-विक्रमगडकडील तांबूस, उताराची जमीन या दृष्टीने सोयीची आहे. पालघर-बोईसरच्या सखल भागात, जेथे भातखाचरांत पाणी साचते, तेथे उंच वरंबे करूनच लावणी करावी. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरीचे पाणी या पिकास देऊ नये.

४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत. प्रत्येक खड्ड्यात १० किलो शेणखत मातीत मिसळून भरावे. लावणी पावसाचा जोर कमी झाल्यावर करावी, म्हणजे हिवाळ्यापूर्वी रोप स्थिर होते. पुढे दर वर्षी छाटणीनंतर तेवढेच शेणखत द्यावे. रासायनिक खताची मात्रा माती तपासून ठरवावी.

पाणी हीच या पिकाची खरी अट आहे. बहराच्या महिन्यांत हलक्या जमिनीत आठवड्यातून दोनदा तरी पाणी लागते. ज्याच्याजवळ मेअखेरपर्यंत टिकणारी विहीर, शेततळे किंवा बंधारा नाही, त्याने मोठे क्षेत्र घेऊ नये. ठिबक संच आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन असल्यास थोड्या पाण्यात बरीच झाडे जगतात. क्षेत्र जमिनीवरून न ठरवता पाण्यावरून ठरवावे, हा नियम येथे कटाक्षाने पाळला पाहिजे.

छाटणी

नवीन फुटीवरच कळी येते. म्हणून छाटणी चुकली की बहर चुकतो. नोव्हेंबरमध्ये दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. झाडाने पाने गाळण्यास आरंभ केला, की जमिनीपासून सुमारे ५० सेंटिमीटरवर छाटणी करावी व वाळक्या, रोगट फांद्या मुळाशी काढाव्यात. नंतर माती हलवून, खत घालून पाणी सुरू करावे. साधारणतः अडीच-तीन महिन्यांत कळ्या दिसू लागतात. संपूर्ण शेत एकाच दिवशी न छाटता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत छाटल्यास कळ्याही टप्प्याटप्प्याने येतात. घरच्या माणसांना तोडणी झेपते आणि भाव पडला तरी सगळा माल त्यात सापडत नाही.

कीड

कळी पोखरणारी अळी, कळीमाशी आणि लाल कोळी हे मोगऱ्याचे मुख्य शत्रू होत. जांभळट पडून सुकणाऱ्या वा छिद्रे पडलेल्या कळ्या रोज वेचून नष्ट कराव्यात. कळीमाशीचे कोष मातीत असतात, म्हणून झाडाखालची माती अधूनमधून हलवावी. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारतात. ही फुले केसांत माळली जातात, देवास वाहिली जातात आणि तोडणारे हातही घरचेच असतात. म्हणून तोडणीच्या काळात विषारी फवारणी टाळावी.

तोडणी व विक्री

पूर्ण वाढलेली, पांढरी, पण न उमललेली कळी पहाटे तोडावी लागते. तीच सायंकाळी उमलते आणि गजऱ्यात भाव खाते. दुपारी तोडलेली कळी बाजारात पोहोचेपर्यंत मलूल होते. एका किलोसाठी हजारो कळ्या वेचाव्या लागतात. या कामास चपळ हात लागतात म्हणून ते मुलांच्या गळ्यात घालण्याचा मोह होतो. तसे झाल्यास ज्या शाळेसाठी कुटुंबाने गावी राहावे अशी इच्छा आहे, तीच शाळा मोगऱ्यापायी बुडेल. शिक्षकांनी याबाबत पालकांशी आधीच बोलावे.

ओलसर कापड अंथरलेल्या बांबूच्या टोपलीत कळ्या भरून सकाळीच रवाना कराव्यात. एकट्या शेतकऱ्यास दोन-चार किलो कळ्यांसाठी वाहतूक परवडत नाही. दहा-बारा जणांनी मिळून आळीपाळीने एकास पाठविल्यास ती परवडते. दादरची फूल मंडई ही मोठी बाजारपेठ आहेच. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यापासून पालघर व बोईसर येथून दादर गाठणे अधिक सुलभ झाले आहे. परंतु बोईसर-तारापूरच्या कामगार वसाहती हीसुद्धा जवळची बाजारपेठ असून मुंबईत भाव उतरलेला असेल त्या दिवशी तिचा आधार घेता येतो.

गावाचे कर्तव्य

डहाणू तालुक्यातील कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे पालघर येथील संशोधन केंद्र यांचे मार्गदर्शन या भागास उपलब्ध आहे. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामांत फळझाडांबरोबर फुलपिकांची लागवडही घेण्यात आली आणि त्यांत मोगऱ्याचा समावेश झाला. चालू वर्षाचे नियम तालुका कृषी कार्यालयातून समजून घेऊन ग्रामसभेने लाभार्थ्यांची यादी वेळीच करावी. रोपे पोहोचण्याआधी पाण्याची सोय झाली आहे ना, हे मात्र पंचायतीने प्रत्यक्ष पाहावे. पाण्यावाचून वाटलेली रोपे मेमध्ये वाळतात आणि त्यांबरोबर लोकांचा विश्वासही वाळतो.

शाळेच्या आवारात पाच-सहा मातृवृक्ष लावून जूनमध्ये विद्यार्थ्यांकडून छाटे लावून घेता येतील. ती रोपे मुलांच्या हातून घरोघर जातील. दहा गुंठ्यांचा मोगरा कुटुंबाची सर्व गरज भागवील असे नाही. परंतु फेब्रुवारी ते मे या काळात घरी राहण्यास त्याने एक कारण दिले आणि त्या घरातील मूल वार्षिक परीक्षेस बसले, तर लागवडीचे सार्थक झाले असे म्हणता येईल.