परसातला मोठा कोळी

पावसाळा ओसरू लागला की कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. सकाळी परसात जाताना तोंडावर चिवट धागे येतात. मान वर करून पाहावे, तो हाताच्या पंजाएवढा काळापिवळा कोळी समोरच लटकत असतो! घरात आरडाओरडा होतो आणि कोणीतरी केरसुणी आणते. ती उगारण्यापूर्वी या प्राण्याची नीट ओळख करून घेऊ या.

याचे शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७९३ साली या जातीचे वर्णन केले. ‘नेफिला’ म्हणजे कातण्याची आवड असलेली. नाव स्त्रीलिंगी आहे हे योग्यच, कारण जाळ्यात बसलेला हा मोठा कोळी मादी असते. तिचे नुसते शरीरच ३ ते ५ सेंटिमीटर लांब भरते. त्याच जाळ्यात वरच्या बाजूला जेमतेम ५-६ मिलिमीटरचा तांबूस कोळी दिसला, तर त्याला तिचे पिल्लू समजू नका. तो बहुधा नर असतो!

आता जाळे पाहा. उन्हाची तिरीप पडली की धागे सोन्यासारखे पिवळे चमकतात. मादी जाळ्याच्या मध्यभागी नसून बरीच वर बसलेली असते, आणि तीही डोके खाली करून. असे का? जिना चढायला वेळ लागतो की उतरायला? कोळ्यालाही खालच्या दिशेने धावणे सोपे जाते. म्हणून जाळ्याचा खालचा भाग मोठा असतो.

पण भक्ष्य कोठे अडकले हे तिला कसे कळते? डोळे आठ असले तरी दृष्टी अधू असते. इंग्लंडमधील भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. बॉईज यांनी १८८० साली तेथील बागेतल्या कोळ्यावर एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी वाजता नादकाटा जाळ्याला हळूच लावला. कोळ्याने पुढच्या पायांनी धागे चाचपले, कोणता धागा थरथरतो हे ओळखले आणि त्याच धाग्यावरून तो थेट नादकाट्याकडे धावला! धाग्यांची कंपने हीच त्याची बातमी.

हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. शाळेतून नादकाटा मागून आणा. आधी तो न वाजवता जाळ्याच्या कडेला अलगद टेकवा. नंतर रबराच्या तुकड्यावर मारून वाजता टेकवा. मादी धावते, जाळे हलवते की स्वस्थ बसते? दोन्ही वेळच्या वागण्यातील फरक वहीत टिपा. न वाजवता केलेली चाचणी का आवश्यक आहे, हे गुरुजींशी चर्चा करून ठरवा. प्रयोग एक-दोनदाच करा. तिला उगाच दमवू नका.

आता भीतीचा प्रश्न. तिला विष असते, पण ते नाकतोडे, माश्या, भुंगे यांच्यासाठी. ती माणसाच्या अंगावर धावून येत नाही. हातात धरून दाबले तर चावेल आणि आग होईल, परंतु निरोगी माणसाच्या जिवाला त्यापासून धोका नसतो. म्हणून पाहावे दोन हात अंतरावरून, हात लावू नये.

जाळे वाटेतच असेल तर? मोठ्या माणसांच्या मदतीने लांब काठीवर मादीला उचलून जवळच्या झाडावर ठेवा. ती तेथे नवे जाळे विणू शकेल. केरसुणीने मात्र जाळ्याबरोबर मादीही जाते आणि तिची अंडीही. अंडी घालण्यासाठी ती जाळे सोडून खाली उतरते, मातीत लहानसा खड्डा करते आणि अंड्यांची पिशवी पालापाचोळ्याने झाकते. ती वेळ येईपर्यंत तिला जगू दिले, तरच पुढच्या वर्षी परसात हे सोनेरी जाळे दिसण्याची आशा.

तेव्हा यंदा घरात कोणी केरसुणी उचलली, तर पुढे होऊन म्हणा, “थांबा, आधी मला नादकाटा आणू द्या!”