प्रकाशाची मोजपट्टी

सतारीची तार छेडली म्हणजे ती कंप पावते. कंप पावताना तिची लांबी किंचित बदलत असते. हा बदल मूळ लांबीच्या कितवा भाग आहे, हे सांगणाऱ्या प्रमाणास शास्त्रज्ञ 'विकृती' म्हणतात. ती मोजण्यासाठी तारेस पट्टी लावली, तर स्पर्शानेच कंप थांबतो. म्हणून स्पर्श न करणारी मोजपट्टी हवी. अशी मोजपट्टी म्हणजे प्रकाश होय.

एकाच प्रकाशशलाकेचे दोन भाग करावेत, ते काटकोनात ठेवलेल्या दोन आरशांकडे पाठवावेत आणि परत आल्यावर एकत्र आणावेत. एका लहरीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडेल अशा रीतीने वाटा जुळविल्या, तर तेथे अंधार होतो. आरसा यत्किंचित हलला, की हा मेळ मोडतो व अंधारात प्रकाश उमटतो. त्यावरून आरसा किती हलला ते कळते.

शिरड शहापूर हे गाव ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात या तत्त्वावरील 'लायगो-भारत' ही वेधशाळा उभारण्याचे ठरले. केंद्र सरकारने तिला २०१६ साली तत्त्वतः व २०२३ साली अंतिम मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या योजिल्या आहेत. तेथे मोजावयाची आहे ती प्रत्यक्ष अवकाशाची विकृती. दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की गुरुत्वीय लहरी उठतात व अवकाश ताणले-आखडले जाते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी अशी लहर प्रथम टिपली. सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या त्या लहरीने भुजांच्या लांबीत पाडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता!

इतका सूक्ष्म कंप मालमोटारीच्या धक्क्यातही बुडून जाईल. म्हणून तेथील ४० किलोग्रॅमचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत टांगलेले असतात. गोंगाटातून नेमका संकेत वेगळा काढण्याच्या गणिती पद्धती विकसित करण्यात पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. लहर कोठून आली हे अचूक ठरविण्यास मात्र ती दूरदूरच्या ठिकाणी टिपली जावी लागते. यासाठीच भारतातील वेधशाळेचे महत्त्व.

तिच्यासाठी जागा निवडताना जमिनीची शांतता पारखली गेली. मराठवाड्याच्या या भूमीची निश्चलता आता विज्ञानाची संपत्ती ठरली आहे. विश्वाचा क्षीणतम कंप ऐकावयाचा, तर ती संपत्ती सर्वांनी जपली पाहिजे.