अकेडियातला मूळपुरुष शोधताना



तुझ्या सासरचे आडनाव लब्लां आणि मूळपुरुष अकेडिया या आजच्या कॅनडातल्या जुन्या फ्रेंच वसाहतीतून हद्दपार झालेला, एवढ्यावर लुइझियानातल्या घराण्याची वंशावळ लिहिता येत नाही. अकेडियातले सगळे लब्लां सतराव्या शतकातल्या डॅनिएल लब्लां आणि फ्रांस्वाज गोदे या एकाच जोडप्याचे वंशज. त्यातून बाप्तिस्म्याची ठरावीक नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. माणूस पटवायचा तो बायकोच्या माहेरावरून. तिथल्या फ्रेंच कॅथलिक नोंदींत स्त्रीचे माहेरचे आडनाव लग्नानंतरही कायम राही.

५ सप्टेंबर १७५५ रोजी अकेडियातल्या ग्रां-प्रे गावच्या चर्चमध्ये जॉन विन्स्लो या ब्रिटिशांच्या अधिकाऱ्याने ४१८ पुरुष आणि मुलग्यांना हद्दपारीचा हुकूम ऐकवला. जमीन, घरे, गुरे सरकारजमा झाली. १७६३ पर्यंत सुमारे दहा हजार अकेडियन देशोधडीला लागले.

कुटुंबेही एकत्र राहिली नाहीत. नोटरी रेने लब्लां यांना वीस मुले आणि सुमारे दीडशे नातवंडे होती, असे अकेडियनांनी इंग्लंडच्या राजाला केलेल्या अर्जात म्हटले आहे. न्यू यॉर्कला उतरवले तेव्हा म्हाताऱ्याजवळ पत्नी आणि धाकटी दोनच मुले होती. आणखी तीन मुले फिलाडेल्फियात भेटली आणि तिथेच रेने वारले. म्हणून शोधणाऱ्याने एका बंदरावर थांबू नये. भाऊ, मेहुणे, साडू सगळ्यांचा माग काढावा.

नोंदवह्या हरवल्या तिथेही वाट सापडते. नातलगांत लग्न करायचे तर चर्चची सूट लागे आणि वधूवरांचे नाते कितव्या पिढीत जुळते, ते सूट देताना लिहिले जाई. त्या आकड्यांवरून संशोधकांनी तुटलेल्या शाखा जोडल्या आहेत. फ्रान्सच्या बेल-ईल बेटावर वसवलेल्या अकेडियन कुटुंबांनी १७६७ मध्ये आपापली वंशावळ शपथेवर सांगितली. १७८५ मध्ये सात जहाजांनी फ्रान्सहून सुमारे सोळाशे अकेडियन लुइझियानात आले. त्यांच्या याद्याही उपलब्ध आहेत.

सुरुवात मात्र घरातल्या आजीपासून व्हावी. तिचा बाप्तिस्मा, तिच्या आईवडिलांचे लग्न, असे एकेक पिढी मागे जावे. पुरावा नसेल तिथे जागा कोरी ठेवावी. इंटरनेटवरच्या तयार वंशावळीतून नाव उचलू नये. धागा ग्रां-प्रेपर्यंत पोचला, तर बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या अभिलेखागाराला पत्र लिही. हद्दपार झालेल्यांनी सोबत नेलेल्या ग्रां-प्रेच्या १७०७ ते १७४८ च्या नोंदवह्या तिथेच आहेत.

तुझा,
मामा