मुंगूस परदेशी गेले

मंडळी, मुंगूस आपल्या ओळखीचे. तेलगावच्या शिवारात बांधाच्या कडेने सुरकन पळते. सापाशी झुंजते, उंदीर खाते. म्हणून आपण त्याला शेतकऱ्याचा मित्र म्हणतो. हाच मित्र परक्या मुलखात वैरी कसा झाला, ते आज वाचू.

वेस्ट इंडीजचे नाव क्रिकेटमुळे पोरांना पाठ आहे. तिकडे जमैका नावाचे बेट आहे. बेट म्हणजे चहूबाजूंनी पाणी असलेली जमीन. आपल्यासारखेच तिथेही उसाचे फड. उंदरांनी ऊस कुरतडून मळेवाल्यांना बेजार केले होते. एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने 1872 साली कलकत्त्याहून 9 मुंगसे आणवली. त्यांत 4 नर होते, 5 माद्या. ती त्याने फडात सोडली.

पहिली काही वर्षे उंदीर घटले. मळेवाले खूश झाले. मग दुसऱ्या बेटांनीही मुंगसे नेली. 1883 साली ती जमैकाहून पार हवाई बेटांवर गेली.

पण मुंगूस हिंडते दिवसा आणि उंदीर निघतो रात्री. शिवाय मुंगूस काही नुसत्या उंदरांवर राहत नाही. त्याने कोंबडीची पिले धरली. भुईवर घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी खाल्ली. सरडे आणि कासवांची अंडीसुद्धा सोडली नाहीत. तिथल्या जिवांनी असा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी पळावे कुठे?

पुढे जपानातही तेच झाले. तिथल्या अमामी बेटावर विषारी साप फार. त्यांच्यासाठी 1979 साली सुमारे 30 मुंगसे सोडली. तो सापही रात्रीच निघणारा. मुंगसांनी तिथले दुर्मिळ ससे मारले. शेवटी सापळे लावून, कुत्री शिकवून मुंगसे हुडकावी लागली. ती सगळी संपल्याचे सरकारने 2024 साली जाहीर केले. किती वर्षे लागली, हिशेब तुम्हीच करा.

यात मुंगसाचा दोष नाही. आपल्या शिवारात त्याला खाणारेही आहेत, आणि त्याला ओळखून जपणारी पाखरेही आहेत. इथे ते उपयोगाचेच आहे. त्याला मारू नये. कायद्यानेही तो गुन्हा आहे.

बायाबापड्यांनो, तळ्यात किंवा नदीत परका मासा सोडण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्याला विचारा. विदेशी मांगूर असाच खादाड. तो इथले मासे खातो, म्हणून तो पाळायला आपल्या देशात बंदी आहे. परका जीव सोडणे सोपे, आवरणे अवघड.

वाचा व सांगा :
1. जमैकात मुंगसे कशासाठी नेली?
2. तिथे उंदीर का संपले नाहीत?