पोयाईस : कागदावर वसलेला देश



साध्या लंबकाचा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. एकदा एका विद्यार्थ्याची प्रयोगवही माझ्याकडे तपासायला आली. दहाच्या दहा वाचने उत्तराशी तंतोतंत जुळत होती. त्यामुळेच मला शंका आली, कारण खऱ्या मोजमापात थोडा तरी फरक पडतोच. विचारल्यावर त्याने कबूल केले, की लंबक टांगलाच नव्हता. उत्तरावरून वाचने लिहिली होती. इथे नुकसान झाले ते दोन गुणांचे. पण अशाच एका लबाडीपायी दीडशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. ती हकिकत आज पाहू.

ग्रेगर मॅक्‌ग्रेगर हा स्कॉटिश सेनानी १८२१ साली लंडनला आला. मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरील, म्हणजे आजच्या होंडुरासमधील, ‘पोयाईस’ देशाचा आपण अधिपती आहोत, असे तो सांगू लागला. तिथल्या मिस्किटो राजाकडून त्याने १८२० साली सुमारे ८० लाख एकर जमिनीचा लेख मिळवला होता, एवढे खरे. बाकी सारे रचलेले होते. सेंट जोसेफ नावाची राजधानी, रुंद रस्ते, नाट्यगृह, बँक, संसद असा थाट त्याने उभा केला, पण केवळ शब्दांत! १८२२ साली या देशाची माहिती देणारे साडेतीनशेहून अधिक पृष्ठांचे पुस्तक निघाले. वर्षाला मक्याची तीन पिके, नद्यांत सोने, हवा निरोगी! पोयाईसच्या नावाने २ लाख पौंडांचे कर्ज उभारले गेले. नोटाही छापल्या गेल्या आणि लोकांनी आपली खरी नाणी देऊन त्या घेतल्या.

सप्टेंबर १८२२ मध्ये लंडनहून आणि जानेवारी १८२३ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ बंदरातून अशी दोन जहाजे निघाली. दोन्ही मिळून सुमारे २५० माणसे होती; त्यांत शेतकरी, कारागीर, बायकामुलेही होती. किनाऱ्यावर उतरून पाहतात तो काय, शहर नाही, धक्का नाही. समोर नुसते जंगल. पाऊस सुरू झाला आणि तापाने माणसे पटापट आजारी पडली. मे १८२३ मध्ये बेलीझहून आलेल्या एका जहाजाने त्यांची सुटका केली. पण ब्रिटनला परत पोचले ते पन्नासहूनही कमी.

ताप कशाने येतो, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. हिवतापाचे परजीवी डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यांना सापडले ते १८९७ साली, आपल्या सिकंदराबादला. तेव्हा तापाबद्दलच्या अज्ञानाचा दोष त्या माणसांना देता येणार नाही. पण तिथे शहर आहे की नाही, हे मात्र कळण्याजोगे होते. बेलीझला इंग्रजांची वसाहत होती आणि तिथून महोगनीचे लाकूड घेऊन जहाजे लंडनला येत. त्यांतल्या एखाद्या खलाशाला विचारले असते तरी पुरे होते.

मग फसवणूक झाली कशी? पुस्तक, नकाशा, नोटा, जमिनीचे कागद असे पुरावे लोकांना पुष्कळ दिसले. पण त्या सर्वांचा उगम एकच होता. एकाच डोक्यातून निघालेली दहा वाचने म्हणजे दहा पुरावे नव्हेत. तो एकच दावा, दहा वेळा लिहिलेला. पुराव्यांची संख्या नव्हे, तर त्यांचे परस्परांपासूनचे स्वातंत्र्य मोजायचे असते.

मॅक्‌ग्रेगर पुढे पॅरिसला गेला आणि तिथेही त्याने हाच उद्योग केला. खटला झाला, पण १८२६ साली तो निर्दोष सुटला. आश्चर्य म्हणजे, वाचून परतलेल्यांपैकी काहींनी त्याचीच बाजू घेतली. एकदा बसलेला विश्वास असा सहजासहजी उठत नाही.

करून पाहा : वर्तमानपत्रातील एखादी आकर्षक जाहिरात घ्या. तिच्यातील दाव्यांची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा : हे कोणी सांगितले? ते तपासून सांगणारा, ज्याचा त्यात काही लाभ नाही असा, दुसरा कोणी आहे का? दुसरा रकाना किती रिकामा राहतो, ते मोजा.