कॅस्टालिया कोणाची मुलगी?

मुलांनो, ग्रीस देशाचे नाव तुम्ही ऐकले असेल. उर्दूत त्याला यूनान म्हणतात. त्या देशात पार्नासस नावाचा २४५७ मीटर उंच डोंगर आहे. त्याच्या दक्षिण उतारावर डेल्फी हे प्राचीन ठिकाण आहे. तेथे अपोलो देवाचे मंदिर होते. पुढे काय होणार, हे विचारायला राजे आणि सामान्य लोक दुरून तेथे येत. मंदिराजवळ दोन उंच कड्यांच्या मधून एक झरा वाहतो. आधी त्या पाण्याने शुद्ध व्हायचे, मग देवाकडे जायचे, अशी रीत होती. त्या झऱ्याचे नाव कॅस्टालिया. (उर्दूत झऱ्याला ‘चश्मा’ म्हणतात, मराठीतला चष्मा मात्र नाकावर असतो!)

जुने ग्रीक लोक समजत, की झऱ्यात एक जलपरी राहते. अशी परी बहुधा एखाद्या नदीदेवाची मुलगी असे. मग कॅस्टालियाचे वडील कोण?

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसेनियस नावाचा प्रवासी डेल्फीला गेला. त्याने याविषयी जे जे ऐकले, ते लिहून ठेवले. कोणी म्हणाले, हे गावातल्याच एका बाईचे नाव आहे. कोणी म्हणाले, कॅस्टालियस नावाच्या पुरुषावरून ते पडले. पॅनियासिस या जुन्या कवीने मात्र तिला अकेलूस नदीची मुलगी म्हटले होते.

आता ग्रीसचा नकाशा पाहा. अकेलूस नदी दूर पश्चिमेला वाहते आणि आयोनियन समुद्राला मिळते. तिचे पाणी डेल्फीला येत नाही. मग हे नाते कसे जुळले? ग्रीक लोक अकेलूसला नद्यांमध्ये फार मोठा मान देत. कॉरिंथ शहरातल्या पिरीनी झऱ्यालाही काही जण त्याचीच मुलगी म्हणत. झऱ्याचा मान वाढावा, म्हणून त्याला एवढा मोठा बाप दिला असावा, असे मला वाटते.

पार्नाससच्या उत्तरेला लिलाया नावाचे गाव होते. केफिसस नदी तेथे उगम पावते. कॅस्टालियाचे पाणी ही केफिससनेच तिला दिलेली भेट आहे, असेही लोक सांगत. लिलायाच्या लोकांकडे तर पुरावाच होता! ठरलेल्या दिवशी ते आपल्या पद्धतीचे रोट नदीच्या उगमात टाकत. ते रोट डोंगराच्या पलीकडे, कॅस्टालियाच्या पाण्यात वर येतात, असे सांगितले जाई.

तुम्ही हसाल. पण पार्नासस हा चुनखडीचा डोंगर आहे. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, भेगा रुंद होतात आणि पाणी जमिनीखालून लांबवर वाहत जाते. त्यामुळे डोंगराखालच्या वाटेची कल्पना वेडेपणाची नव्हती. रोट खरेच पलीकडे निघत का? पौसेनियस ‘असे म्हणतात’ एवढेच लिहितो आणि पुढे जातो.